अंधाऱ्या खोलीसाठी मोठा पडदा



या वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेतीचे अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले जातात. त्यांच्या पंक्तीला टीव्हीच्या खरेदीचा विषय घेऊन एक कामगार कार्यकर्ता का येऊन बसला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या संघटनेतले एक जुने सहकारी जिनिंग कारखान्यात तीस हंगाम काम करून गेल्या वर्षी घरी बसले. हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी एका हंगामाला सात दिवसांचे वेतन या हिशेबाने मिळते. म्हणजे तीस हंगामांचे झाले दोनशे दहा दिवसांचे वेतन. या रकमेतून कर्ज फिटले, घराचे पत्रे बदलले, आणि उरलेल्या पैशांत थोडी हप्त्याची भर घालून मुलांनी ६५ इंची टीव्ही आणला. घराच्या मागच्या खोलीची खिडकी बंद केली, दाराला जाड पडदा लावला आणि खोलीला नाव दिले ‘होम थिएटर’. आठ दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “भाऊ, बाकी सारं ठीक आहे, पण यात रात्र काळी दिसूनच नाही राह्यली. राखोडी दिसते.”

मी काही इंजिनियर नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. पण करारातले प्रत्येक कलम समजून घेतल्याशिवाय सही करू नये, ही सवय अंगी लागली आहे. म्हणून या राखोडी रात्रीचा शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम खोलीचा विचार करू. अंधारी खोली ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पांढरकवड्यात चैत्र संपत आला की दहा वाजल्यापासून दारे-खिडक्या बंद होतात, वाळ्याच्या ताट्या लागतात, कूलर घुमू लागतो आणि भर दुपारी घरात संध्याकाळ होते. तेव्हा सिनेमाची खोली केवळ श्रीमंतांनाच हवी, असे नाही. एक मागची खोली आणि एक जाड पडदा एवढ्यावर ती आपल्याकडे होते. अडचण एवढीच की दुकानातला टीव्ही आपण पाहतो तो अंधारात नसतो. तेथे छतावर पंचवीस दिवे लागलेले असतात, बाहेरचा उजेड काचेतून आत येतो आणि भिंतीवर वीस संच एकमेकांशी स्पर्धा करीत असतात. अशा ठिकाणी जो सर्वांत भडक तोच डोळ्यांत भरतो. दुकानदारालाही हे ठाऊक असते. म्हणून संच ‘व्हिविड’ नावाच्या भडक मांडणीवर ठेवलेला असतो आणि त्यावर फुले, फळे, पोपट आणि समुद्र यांचीच चित्रे फिरत असतात. रात्रीचे दृश्य तेथे कोणी दाखवीत नाही. कापसाचा भाव ढिगाच्या वरचा थर पाहून कोणी ठरवीत नाही. हात खोल घालून मधली मूठ बाहेर काढतात. टीव्हीची मधली मूठ म्हणजे त्याचा काळा रंग.

आता काळा रंग म्हणजे काय, हे पाहावे लागेल. पडद्यावरचा काळा रंग हा रंग नसतो. तेथे उजेड नसणे हाच तो काळेपणा. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली, तेव्हापासून जत्रांतल्या तंबूंपर्यंत सिनेमाचा पडदा पांढराच राहिला. पांढऱ्या कापडाला काळे होता येत नाही. यंत्रातून जेथे प्रकाश पडत नाही तेथे ते आसपासच्या अंधाराइतकेच काळे दिसते. म्हणूनच जत्रेतल्या टूरिंग टॉकीजचा खेळ दिवस मावळल्याशिवाय सुरू होत नसे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. माझ्या पिढीतील अनेकांनी पहिला सिनेमा अशाच तंबूत, जमिनीवर बसून पाहिला. तेथला काळा रंग फुकट मिळत असे, कारण तो आभाळाचा होता. घरच्या टीव्हीत मात्र तो विकत घ्यावा लागतो, आणि सगळ्या संचांत तो सारखा नसतो.

याचे कारण संचाच्या रचनेत आहे. बाजारातील बहुतेक टीव्ही एलसीडी जातीचे असतात. त्यांत मागे पांढरे दिवे सतत जळत असतात आणि पुढे अत्यंत बारीक झडपांची एक जाळी असते. झडप उघडली की उजेड बाहेर येतो, मिटली की अडतो. पण ही झडप कधीच पुरती मिटत नाही. जुन्या दाराच्या फटीतून ऊन यावे तसा थोडा उजेड झिरपत राहतो. दिवसा तो लक्षात येत नाही. अंधाऱ्या खोलीत मात्र बाहुली मोठी होते, वीस-तीस मिनिटांत डोळा अंधाराला सरावतो, आणि मग तोच झिरपा सबंध पडद्यावर राखेसारखा पसरलेला दिसतो. आमच्या सहकाऱ्यांची राखोडी रात्र ती हीच.

या झडपांच्याही दोन मुख्य जाती आहेत. ‘आयपीएस’ जातीत पांढऱ्याची चमक काळ्याच्या सुमारे हजारपट असते. ‘व्हीए’ जातीत ती तीन हजारपट किंवा त्याहून अधिक असते. म्हणून अंधाऱ्या खोलीत व्हीए बरी. परंतु व्हीएचा एक दोष आहे. समोर बसणाऱ्याला चित्र चांगले दिसते, पण बाजूला बसणाऱ्याला काळा रंग उतरलेला आणि रंग फिके दिसतात. ज्या घरात दहा माणसे भिंतीला टेकून तीन बाजूंनी बसतात, तेथे हा दोष मोठा ठरतो.

झिरपा कमी करण्याचा दुसरा उपाय म्हणजे मागचे दिवे गटागटाने मंद करणे. याला ‘लोकल डिमिंग’ म्हणतात. चित्राच्या ज्या भागात अंधार आहे त्या भागामागचे दिवे उतरवायचे. स्वस्त संचांत दिवे केवळ कडेला बसविलेले असतात. त्यांत ही सोय असून नसल्यासारखी. ‘मिनी एलईडी’ संचांत मागे सर्वत्र बारीक दिवे पसरलेले असतात आणि त्यांचे शेकडो, काहींत हजाराहून अधिक गट पाडलेले असतात. काळा रंग त्यामुळे पुष्कळ सुधारतो. तरी एक उणीव राहते. काळ्या आभाळात चंद्र दाखविला तर चंद्रामागचा गट पेटतो आणि चंद्राभोवती धूसर खळे दिसते. गट जितके अधिक तितके खळे लहान.

तिसरी जात ‘ओएलईडी’. तिच्यात मागे दिवाही नाही आणि पुढे झडपही नाही. पडद्याचा प्रत्येक कण स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. कण विझला की तेथे खरोखर काही उरत नाही. या विद्येचा पाया १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघा संशोधकांनी घातला. मोठे टीव्ही या पद्धतीने २०१३ पासून बाजारात आले. अंधाऱ्या खोलीसाठी, केवळ चित्राच्या दृष्टीने, याहून चांगली वस्तू आज सामान्य बाजारात नाही. बाजूने पाहिले तरी चित्र उतरत नाही. दोष दोन. एक, त्याच मापाच्या साध्या संचाहून किंमत बरीच अधिक. दुसरा, एकच स्थिर चिन्ह महिनोन्महिने त्याच जागी राहिले तर त्याचा कायमचा ठसा पडद्यावर उमटण्याची भीती असते. ज्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांची एकच वाहिनी लावलेली असते आणि तिची पट्टी खाली धावत असते, त्या घरी ओएलईडी नेऊ नये. नेल्यास हमीपत्रात या ठशाची जबाबदारी कंपनीने घेतली आहे की टाळली आहे, हे वाचून मगच न्यावा.

येथे एका अक्षराच्या फसगतीपासून सावध करतो. ‘क्यूएलईडी’ आणि ‘ओएलईडी’ ही नावे जुळ्या भावांसारखी वाटतात, पण त्यांचे कूळ निराळे आहे. क्यूएलईडी म्हणून जे संच विकले जातात ते एलसीडीच असतात; त्यांत रंग शुद्ध करणारा एक अतिसूक्ष्म कणांचा थर घातलेला असतो, इतकेच. रंग चांगले मिळतील. काळ्याची हमी त्या नावात नाही. खोक्यावरचे नाव न वाचता दुकानदाराला सरळ विचारावे : मागे दिवा आहे की नाही? असल्यास कडेला आहे की सर्वत्र? गट किती?

आता चमकेचा प्रश्न. टीव्हीची चमक ‘निट’ या मापाने मोजतात; एका चौरस मीटर पृष्ठातून एका मेणबत्तीइतका प्रकाश, असा त्याचा ढोबळ अर्थ. जाहिरातीत हजार निट, दोन हजार निट असे आकडे झळकतात. पण चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्याची चमक किती ठेवावी याचा मान्य संकेत आहे सुमारे ४८ निट! आपण ज्या सिनेमांनी रडलो-हसलो ते एवढ्याच उजेडात. नव्या ‘एचडीआर’ पद्धतीच्या चित्रांत विजेचा लोळ, दिव्याची ज्योत अशा लहान जागी अधिक चमक लागते आणि ती शोभते, हे मान्य. पण संबंध पडदा त्या चमकेने भरला तर अंधाऱ्या खोलीत डोळे दुखू लागतात. ज्यांचा टीव्ही ओसरीत किंवा उन्हाच्या दिवाणखान्यात आहे त्यांनी चमकेला पैसे मोजावेत. ज्यांची खोली अंधारी आहे त्यांनी ते पैसे काळ्या रंगासाठी राखून ठेवावेत. माझ्या आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा.

यानंतर माप. टीव्हीचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपे मोजतात. ६५ इंची संचाची रुंदी सुमारे १४४ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ८१ सेंटिमीटर भरते. किती दुरून पाहावे, याचेही संकेत आहेत. पडद्याची रुंदी डोळ्यापाशी निदान ३० अंशांचा कोन करील इतके जवळ बसावे. सिनेमाचा भरगच्च अनुभव हवा असेल तर तो कोन ४० अंशांपर्यंत न्यावा. आपल्या हिशेबात सांगायचे तर ५५ इंचाला साडेपाच ते साडेसात फूट, ६५ इंचाला साडेसहा ते पावणेनऊ फूट, आणि ७५ इंचाला साडेसात ते दहा फूट. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी दोरी घेऊन बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून टीव्हीच्या मापाचा चौकोन करावा आणि भिंतीवर दोन दिवस लावून ठेवावा. घरातले सर्वजण तो पाहतील, बोलतील, आणि माप आपोआप ठरेल.

कणांच्या संख्येबद्दल फार चिंता करू नये. ‘४के’ पडद्यावर सुमारे ८३ लाख कण असतात. ६५ इंची ४के पडद्याचा एकेक कण सामान्य दृष्टीच्या माणसाला सव्वा मीटरपलीकडून वेगळा दिसत नाही. तुम्ही बसणार आठ फुटांवर. तेव्हा ‘८के’साठी जादा पैसे देणे म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचे मोल देणे होय.

चित्राच्या गतीचा मुद्दा मात्र उपयोगी आहे. सिनेमात दर सेकंदाला २४ चित्रे असतात. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. साठाला चोवीसने पुरता भाग जात नाही. म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असा लंगडा हिशेब करावा लागतो आणि कॅमेरा सावकाश फिरताना चित्र अडखळते. १२० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा येते. काही ६०चे संचही सिनेमासाठी आपली गती बदलून हा हिशेब सांभाळतात. तशी सोय आहे का, हे विचारावे. याउलट, मधली चित्रे स्वतःच्या मनाने रचून हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय संचात असते. ती सिनेमा पाहताना बंद करावी. तिने मोठा चित्रपटही मालिकेसारखा दिसू लागतो.

प्रोजेक्टर घ्यावा काय, असे काहीजण विचारतात. शंभर इंचांचे चित्र त्यात कमी खर्चात मिळते, आणि तंबूची आठवण येते हेही खरे. पण त्याचा पडदा पांढराच असतो. खोली पुरती अंधारी असली तरी चित्राचा उजेड पांढऱ्या भिंतींवरून उलटून पडद्यावर येतो आणि काळा रंग पांढुरका करतो. भिंती व छत गडद रंगविण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे. टीव्हीलाही गडद, चमक नसलेल्या भिंतीचा फायदा होतोच.

आता आपल्या भागापुरत्या चार गोष्टी. टीव्ही देवाच्या तसबिरीसारखा उंच टांगण्याची आपल्याकडे खोड आहे. त्याने मान अवघडते. गादीवर बसणाऱ्याचा डोळा जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर आणि खुर्चीवर बसणाऱ्याचा साडेतीन-पावणेचार फुटांवर असतो. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास यावा. कूलरचा ओला झोत संचावर येऊ देऊ नये. कापसाच्या हंगामात हवेत तंतू आणि धूळ फार. पाठीमागच्या जाळ्या अधूनमधून कोरड्या कुंचल्याने साफ कराव्यात, पडदा मऊ सुती फडक्याने हलकेच पुसावा. मृगाआधीच्या वादळात वीज कडाडू लागली की भिंतीतला प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवावीत. नुसत्या रिमोटने संच बंद करून भागत नाही. विजेचा खर्च फार नाही : दीडशे वॅटचा संच रोज चार तास चालला तर महिन्याला अठरा युनिटे होतात. आणि पातळ टीव्हीचा आवाजही पातळ असतो, हे ध्यानात ठेवून थोडी रक्कम वेगळ्या ध्वनिक्षेपकासाठी बाजूला ठेवावी.

पैशाबद्दल बोलल्याशिवाय माझे भाषण पुरे होणार नाही. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करापूर्वी लाख रुपये किंमत असलेली वस्तू त्यामुळे दहा हजारांनी उतरते; जुन्या किमतीवर ‘खास सूट’ म्हणून कोणी तेच दहा हजार दाखवीत असेल तर ओळखावे. दुसरे, ‘शून्य टक्के व्याजाचा हप्ता’. अशी गोष्ट वास्तवात नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना लेखी बजावले होते. व्याज कोठेतरी दडलेले असते : कधी किमतीत, कधी प्रक्रिया शुल्कात, कधी रोखीवर मिळाली असती त्या सवलतीत. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा, “रोख दिले तर किती?” दोन आकड्यांतील फरक हेच तुमचे व्याज.

दुकानात संच पारखण्याची माझी रीत सांगतो. पेन ड्राइव्हवर आपल्या आवडत्या सिनेमातील रात्रीचे एक दृश्य घेऊन जावे. संच ‘व्हिविड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मांडणीवर घ्यायला सांगावे. जवळचे दिवे मालवायला सांगावे. न ऐकल्यास जुने छायाचित्रकार घेत तसे काळे कापड डोक्यावर घेऊन पाहावे. चार लोक हसतील, हसू द्यावे. काळ्या भागात राख दिसते का, चंद्राभोवती खळे पडते का, बाजूला सरकल्यावर चित्र उतरते का, एवढे तीन प्रश्न डोळ्यांना विचारावेत.

आता आमच्या सहकाऱ्यांच्या खोलीचे काय झाले? त्यांचा संच आयपीएस जातीचा, कडेला दिवे असलेला निघाला. सील फुटले, आठ दिवस झाले, परत घेण्यास दुकानाने नकार दिला. म्हणून आहे त्यातून मार्ग काढावा लागला. भडक मांडणी काढून ‘सिनेमा’ लावली. मागच्या दिव्याची चमक निम्म्याहून खाली आणली. चमक उतरली की झिरपाही उतरतो. संचाच्या पाठीमागे, डोळ्याला न दिसेल असा एक मंद पांढरा दिवा लावला. मागच्या भिंतीवर थोडा उजेड असला की पडद्यावरचा काळा अधिक काळा वाटतो आणि डोळेही कमी शिणतात. दहा फुटांवरची बाज आठ फुटांवर ओढली. झडपेची फट काही बुजली नाही, ती बुजणारही नाही. पण राखोडी रात्र काळसर झाली. त्या रात्री घरातल्या सर्वांनी सबंध सिनेमा पाहिला.

शेवटी ते मला म्हणाले, “भाऊ, हे मला आधी कोणी सांगतलं असतं तर?” त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून हा विषय येथे घेऊन आलो. मोठा पडदा घेण्याचा ज्यांचा विचार आहे त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी एका रात्री आपल्या खोलीत बसून पाहावे, असे त्यांनी आपणहून सांगितले आहे. मागचा मंद दिवा मालवून ते प्रथम राखोडी रात्र दाखवतात, मग दिवा लावून काळसर दाखवतात, आणि चहा देतात. ज्याला जावेसे वाटेल त्याने व्याख्यानानंतर मला भेटावे.